गोष्ट दुसऱ्याच्या घरातली

संध्याकाळचे सात वाजले होते. सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर नेहमीची बैठक जमली होती. कुणी मेथी निवडत होते, कुणी नातवाचा झोपाळा संपण्याची वाट पाहत होते. बोलण्याचा विषयही नेहमीचाच होता : चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी नोकरदार मुलगी.

“काल पुन्हा रात्री साडेअकराला आली. मी गॅलरीतून पाहिलं ना!”

“एकटीच?”

“छे! गाडीतून उतरली. आणि चालवणारा परवाचा नव्हता, कुणी वेगळाच होता.”

“आईवडिलांना ठाऊक असेल का हो हे?”

“मला काय करायचंय म्हणा! मी आपलं जे दिसलं ते सांगितलं.”

त्या मुलीची नोकरी दुपारी दोनला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपत असे. गाडी कंपनीची होती आणि तिचे चालक बदलत असत. हे कळायला तिला एक प्रश्न विचारणे पुरेसे होते. पण तो कुणीच विचारला नाही. महिन्याभराने तिच्यासाठी सांगून आलेल्या स्थळाकडच्या एक बाई सोसायटीत चौकशीला आल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना घरात बोलावून चहा दिला. “मुलगी कशी आहे?” असे त्यांनी विचारताच काकू म्हणाल्या, “मुलगी चांगली आहे हो, हसतमुख आहे. पण...” आणि त्या थांबल्या. “जाऊ द्या. परक्याच्या मुलीविषयी आपण कशाला बोला?”

चार दिवसांनी स्थळाकडून नकार आला. काकू एक शब्दही खोटे बोलल्या नव्हत्या. खरे तर त्यांनी काही सांगितलेच नव्हते.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जोडपे राहत होते. त्यांच्या घरातून रात्री-अपरात्री भांडी आपटल्याचे आणि मग रडण्याचे आवाज येत. ती बाई ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून जिना उतरे. बाकावर तिच्याविषयी मात्र फारसे बोलणे होत नसे. विषय निघालाच तर कुणीतरी तो लगेच मिटवे, “नवराबायकोचं खासगी प्रकरण आहे ते. आपण मध्ये कशाला पडा?” एके रात्री तिचा भाऊ आला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. तिचा हात मोडला होता. दुसऱ्या दिवशी बाकावर जो तो म्हणत होता, “आम्हाला कळत होतं हो सगळं.”

अशी इमारत कोणत्याही शहरात सापडेल. ठाणे असो, इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, बसायची जागा तेवढी बदलते. कुठे देवळाचा कट्टा असतो, कुठे वाड्याचे अंगण, कुठे भिशी, कुठे कार्यालयातली जेवणाची सुट्टी, तर कुठे मोबाइलवरचा सोसायटीचा ग्रुप. आणि सगळीकडे प्रश्न एकच : दुसऱ्याच्या खासगी आयुष्याविषयी बोलणे म्हणजे निंदाच का? शहाण्या माणसाने अशा वेळी तोंड मिटून बसावे का?

या इमारतीत एक नव्हे, दोन चुका झाल्या. जिथे बोलायला नको होते तिथे सगळे बोलले आणि जिथे बोलायला हवे होते तिथे सगळे गप्प राहिले. म्हणजे ‘बोलावे की बोलू नये’ एवढाच प्रश्न नाही. कशासाठी बोलावे, कुणापाशी बोलावे आणि ती गोष्ट सांगण्याचा हक्क मुळात कुणाचा, हा खरा प्रश्न आहे.

बोलणे सुटणार नाही

‘दुसऱ्याविषयी बोलू नये’ हा उपदेश प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेला असतो आणि जवळजवळ कुणीच तो पाळलेला नसतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ४६७ स्त्री-पुरुषांच्या दिवसभरातल्या बोलण्याचे तुकडे छोट्या यंत्रावर टिपले गेले होते. माणसे समोर नसलेल्या व्यक्तीविषयी दिवसाकाठी सरासरी ५२ मिनिटे बोलतात, असे त्यातून दिसले. पण त्यातले सुमारे तीन चतुर्थांश बोलणे ना स्तुतीचे होते, ना निंदेचे. अमक्याची बदली झाली, तमकीच्या मुलाची परीक्षा आहे, अशा स्वरूपाचे ते होते. ‘बायकांना एकमेकींची उणीदुणी काढायची भारी हौस’ असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या अभ्यासात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त बोलल्या हे खरे. पण ते जास्तीचे बोलणे याच साध्या, निरुपद्रवी प्रकारचे होते. निंदेच्या बाबतीत स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही.

अशा बोलण्याचा उपयोगही असतो. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे मत मांडले की, माकडे जशी एकमेकांच्या अंगावरचे केस साफ करून आपापसातले नाते टिकवतात, तसे माणसे एकमेकांविषयी बोलून टिकवतात. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात ठेवले आहे हे कुणी कुणाला सांगितलेच नाही, तर त्यांच्या घरी डबा कोण पोहोचवणार? वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीकडे मदतीला कुणी नाही हे कळल्याशिवाय तिच्या मोठ्या मुलाला शाळेत कोण सोडणार? कोणता कंत्राटदार आगाऊ रक्कम घेऊन पळतो, कोणता मुलगा आधीचे लग्न लपवून दुसरीकडे सोयरीक जुळवतो आहे, हेही वेळीच कळायला हवे असते. २०१२ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात असे दिसले की, एखाद्याला फसवणूक करताना पाहिले की पाहणाऱ्याच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि पुढच्या माणसाला सावध करण्याची संधी मिळाली की ही अस्वस्थता कमी होते. म्हणजे सावध करण्याची ओढ माणसात असतेच आणि ती वाईट नाही.

मराठीने तर हा भेद केव्हाच ओळखला आहे. गप्पा वेगळ्या आणि कुचाळक्या वेगळ्या. विचारपूस वेगळी आणि चौकशा वेगळ्या. एखाद्याचे नुकसान व्हावे म्हणून वरिष्ठांच्या कानाला लागणे ही चहाडी, मुळात नसलेली गोष्ट उठवणे म्हणजे कंड्या पिकवणे आणि विश्वासातल्या माणसापाशी दुःख सांगणे म्हणजे मन मोकळे करणे. या सगळ्यांना एकाच पारड्यात टाकून ‘बोलूच नका’ म्हणणे सोपे आहे, पण ते उपयोगाचे नाही.

पराचा कावळा कसा होतो?

मग बिघडते कुठे? बहुतेक वेळा बिघडते ते माहितीत राहिलेल्या मोकळ्या जागेत. चौथ्या मजल्यावरची मुलगी रात्री गाडीतून उतरली, एवढेच कुणीतरी पाहिले होते. ती कुठून आली, का आली, गाडी कुणाची, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ती मोकळी जागा प्रत्येकाने आपापल्या मनातल्या चित्राने भरली.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अफवांविषयीचे आपले पुस्तक १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग पुढे फार गाजला. त्यांनी एका माणसाला एक चित्र दाखवले आणि ते पाहून दुसऱ्याला त्याचे वर्णन करायला सांगितले. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचे, तिसऱ्याने चौथ्याला. चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलत उभे होते आणि दाढीचा वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात होता. पण निम्म्याहून अधिक वेळा वर्णन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कुठल्यातरी टप्प्यावर तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेलेला असे. मुद्दाम खोटे कुणी बोलले नव्हते. ‘असेच असणार’ असे ज्याला वाटले, तसे त्याने ऐकले आणि तसेच पुढे सांगितले.

सोसायटीच्या बाकावर हेच घडते. रात्री उशिरा येणारा मुलगा ‘बिचारा किती राबतो’ असा ठरतो आणि त्याच वेळी येणारी मुलगी ‘कुठे हिंडते कोण जाणे’ अशी ठरते. दोघेही एकाच कंपनीच्या एकाच गाडीतून आलेले असतात!

महाराष्ट्राच्या इतिहासातही असे एक उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी या प्रकरणात राघोबादादांना दोषी धरले. पण लोकांच्या तोंडी कायमचे बसले ते त्यांच्या पत्नीचे, आनंदीबाईंचे नाव. कागदावरच्या ‘धरावे’चे त्यांनी ‘मारावे’ केले, ही कथा घरोघरी पोहोचली. ती कितपत खरी यावर वाद झाले आहेत, होतात. पण ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार भाषेत रुजला तो रुजलाच. न्यायासनासमोर न ठरलेला आरोप अडीचशे वर्षे एका बाईच्या नावाला चिकटून राहतो, इतकी तोंडी बोलण्याची ताकद असते. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला तर आपल्यावर कोणता आरोप आहे हेही कुणी सांगितले नव्हते.

‘मी खोटं थोडंच सांगते?’

अशा वेळी एक उत्तर ठरलेले असते, “मी काही पदरचं घातलं नाही. जे खरं आहे तेच सांगितलं.” गोष्ट खरी असली की ती सांगायला मोकळीक आहे, असे यात गृहीत धरलेले असते. पण ते बरोबर आहे का?

एका जोडप्याने तान्हे मूल दत्तक घेतले आहे असे समजा. मुलाला हे कधी आणि कसे सांगायचे, यावर आईवडील गेली कित्येक वर्षे विचार करत आहेत. एक दिवस शेजारच्या घरी खेळताना तिथल्या मोठ्या मुलीने त्याला विचारले, “तुला तुझ्या खऱ्या आईची आठवण येते का रे?” तिने ते आपल्या आईकडून ऐकले होते आणि आईने भिशीच्या मैत्रिणीकडून. माहिती शंभर टक्के खरी होती, कुणाच्या मनात काळेबेरे नव्हते. तरीही आईच्या कुशीत बसून, तिच्या शब्दांत जे ऐकण्याचा त्या मुलाचा हक्क होता, ते त्याने परक्या ओसरीवर ऐकले. खरे असणे वेगळे आणि ते सांगण्याचा हक्क असणे वेगळे. गर्भपात, मूल होण्यासाठी चाललेले उपचार, मोडलेला साखरपुडा, मनाचा आजार, गेलेली नोकरी, या गोष्टी ज्याच्या त्याच्या असतात. त्या कधी, कुणाला आणि किती सांगायच्या, हेही त्यानेच ठरवायचे असते.

भारतातला कायदाही या बाबतीत बराच समजूतदार आहे. बदनामीची तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लिहिलेल्या मजकुराप्रमाणेच तोंडी शब्दांनीही बदनामी होऊ शकते, असे हा कायदा मानतो. आणि यात एक बारकावा आहे. गोष्ट खरी आहे एवढ्याने भागत नाही. ती उघड करणे लोकहिताचे होते, हेही दिसावे लागते. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्याच वर्षी एचआयव्हीबाधितांसाठी झालेल्या कायद्याने अशा व्यक्तीच्या आजाराची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यावर बंधन घातले. मानसिक आरोग्य कायदाही २०१७ चाच. त्याने मनोरुग्णाला आपल्या आजाराविषयी गुप्तता राखली जाण्याचा हक्क दिला.

बाकावरच्या गप्पांसाठी कुणी न्यायालयात जात नाही आणि जाऊही नये. पण कायद्याने लावलेली कसोटी घरातही लावून पाहण्यासारखी आहे. सांगितलेली गोष्ट खरी होती का, हा पहिला प्रश्न. ती सांगण्यात कुणाचे भले होते, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसरा विचारलाच जात नाही.

गप्प राहणे म्हणजे सभ्यता नव्हे

आता दुसऱ्या मजल्याकडे वळू. चौथ्या मजल्यावरची मुलगी कधी येते, कशी येते, याच्या नोंदी ठेवणाऱ्यांना दुसऱ्या मजल्यावर मात्र ‘खासगी प्रकरण’ आठवले. पण मारहाण ही खासगी बाब नाही, तो गुन्हा आहे. बंद दाराआड घडला म्हणून त्याचा गुन्हेपणा कमी होत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ प्रत्येक शेजाऱ्याने माहीत करून घेण्यासारखे आहे. एखाद्या घरात स्त्रीचा छळ झाला आहे, होतो आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानायला कारण असेल, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला तशी माहिती देऊ शकतो. अशी माहिती सद्हेतूने देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहेत.

दर वेळी एकदम पोलिसांकडेच धाव घ्यायला हवी असेही नाही. ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम सुरू केली होती. तिच्या जाहिरातींत मारहाणीचा आवाज ऐकून शेजारी त्या घराची घंटा वाजवतो आणि काहीतरी किरकोळ निमित्त सांगतो. उद्देश दुधाचा किंवा दूरध्वनीचा नसतोच. ‘बाहेर कुणीतरी ऐकते आहे’ हे मारणाऱ्याला आणि मार खाणारीला, दोघांनाही कळावे एवढाच असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराची घंटा कुणी एकदा जरी वाजवली असती, एखादी शेजारीण दुपारी एकटी जाऊन त्या बाईला “मी आहे, कधीही हाक मार” असे म्हणून आली असती, तर पुढचे बरेच टळू शकले असते.

‘घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये’ या शिकवणुकीने आजवर बायकांचे किती नुकसान केले याचा हिशोब नाही. रखमाबाईंचे उदाहरण घ्यावे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले, म्हणून १८८४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर दावा झाला. १८८५ मध्ये त्यांनी टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहून बालविवाहात मुलींची कशी कुचंबणा होते ते मांडले. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात’ असा आदेश दिला तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी काम केले. त्यांच्या लग्नाविषयी तेव्हा सारा देश बोलत होता. पण त्या बोलण्यातही दोन प्रकार होते. काही जण लहान मुलींच्या लग्नाविषयी बोलत होते आणि काही जण केवळ रखमाबाईंच्या वागण्याविषयी. पहिल्या बोलण्याने, १८९१ मध्ये झालेल्या संमतिवयाच्या कायद्याला बळ मिळाले. दुसऱ्याने एका बाईला मनस्ताप दिला.

मन मोकळे करणे ही निंदा नाही

इथे एक शंका येईल. सासूच्या बोलण्याने दुखावलेली सून रात्री बहिणीला फोन करून सगळे सांगते, तेव्हा ती सासूची निंदा करत असते का? नवरा बोलत नाही, मुलगा ऐकत नाही, हे एखादी बाई मैत्रिणीपाशी बोलली, तर तिने त्यांच्या खासगीपणावर घाला घातला का?

नाही. तिचे आयुष्य त्या माणसांसोबतच चाललेले असते. त्यांना वगळून तिला आपले दुःख सांगताच येणार नाही. जी गोष्ट तिच्यावर घडली ती तिची आहे आणि ती सांगण्याचा तिला हक्क आहे. मात्र ती एका विश्वासाच्या माणसापाशी सांगणे वेगळे आणि हळदीकुंकवाला जमलेल्या वीस जणींपुढे मांडणे वेगळे. आणि ऐकणाऱ्या मैत्रिणीकडे तर ती गोष्ट केवळ ठेव म्हणून आलेली असते. “कुणाला सांगू नकोस हं” असे बजावून ती पुढे सरकवणे म्हणजे दुसऱ्याची ठेव खर्च करणेच होय. ज्याला अशी अट घालावी लागते त्याला ती गोष्ट सांगू नये, हा सरळ नियम.

तोंड उघडण्यापूर्वी

दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ओठांवर आली की चार साधे प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत.

पहिला : हे मला स्वतःला माहीत आहे, की मी ऐकले आहे, की मला नुसते वाटते आहे? ‘दिसले’ आणि ‘वाटले’ यांची सरमिसळ झाली की पराचा कावळा होणारच.

दुसरा : ही गोष्ट सांगण्याचा हक्क कुणाचा? ज्याची आहे त्याने अजून सांगितली नसेल, तर मी त्याच्याआधी का सांगावी?

तिसरा : जिला मी सांगते आहे तिच्या हातात काही करण्यासारखे आहे का? आजारी शेजाऱ्याची बातमी डबा पोहोचवू शकणाऱ्याला सांगणे ही मदत आहे. तीच बातमी डोळे विस्फारून ऐकणाऱ्या चार जणांना सांगणे हा खेळ आहे.

चौथा : ज्याच्याविषयी बोलायचे तो आत्ता इथे येऊन बसला, तर हेच वाक्य मला पुरे करता येईल का?

चौथ्या प्रश्नाला एकच अपवाद आहे. ज्याच्यापासून कुणाला धोका आहे, त्याच्यासमोर सगळे बोलता येणार नाही आणि बोलूही नये. तिथे संकोच न धरता, पण योग्य जागीच बोलायला हवे.

लग्नाच्या चौकशीतही हीच कसोटी लागू पडते. मुलाचे आधीचे लग्न झालेले आहे किंवा तो घरात मारझोड करतो हे प्रत्यक्ष माहीत असेल, तर ज्या घरची मुलगी त्याला द्यायची आहे त्यांना ते स्पष्टपणे सांगणे हे कर्तव्यच आहे. माहीत नसेल तर “मला एवढेच ठाऊक आहे” म्हणून तिथेच थांबावे. ‘पण...’ म्हणून सोडलेले अर्धे वाक्य सर्वांत घातक. पुऱ्या वाक्याला उत्तर तरी देता येते. अर्ध्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकणारा आपल्या मनाने रचतो आणि त्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

मोबाइलने यात एक भर घातली आहे. बाकावरचे बोलणे निदान वाऱ्यावर विरून जात असे. ग्रुपवर टाकलेले वाक्य, फोटो किंवा कुणाच्या संदेशाची नक्कल विरत नाही. ज्या दहा जणांसाठी टाकले त्यांच्याबाहेरच्या शंभरांकडे ते पोहोचते आणि दहा वर्षांनीही उघडून दाखवता येते. तोंडाने जे बोलताना एकदा विचार करावा, ते बोटाने टाइप करताना दोनदा करावा.

आणि ऐकणाऱ्याचेही काही काम असते. ऐकायला कुणी नसेल तर कुचाळकी चालत नाही. त्यासाठी बोलणाऱ्याला झिडकारायला हवे असे नाही. “हे तिनं स्वतः सांगितलं का?” एवढे शांतपणे विचारले तरी पुरते. घरात मुले हे सगळे ऐकत असतात. दुसऱ्याच्या घराविषयी आईवडील कसे बोलतात, यावरून आपली गुपिते या घरात किती सुरक्षित आहेत हे ती ओळखतात. उद्या शाळेत काही वाईट घडले, तर घरी सांगायचे की नाही, हे त्यांच्या मनात तिथेच ठरत असते.

त्या इमारतीतली मुलगी पुढे खोली सोडून गेली. जाताना ती काकूंच्या दाराशी किल्ली द्यायला आली. “काकू, वर्षभर रोज रात्री फाटकातून आत आले की तुमच्या गॅलरीतला दिवा दिसायचा. कुणीतरी जागं आहे म्हणून धीर वाटायचा,” असे म्हणून तिने त्यांना वाकून नमस्कार केला. काकूंना उत्तर सुचले नाही.

काही दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरची बाई गळ्यात हात अडकवून परत आली. संध्याकाळी बाकावर विषय निघालाच, “पुन्हा त्याच्याकडेच आली बघा! काय म्हणावं या बायकांना?”

“काय म्हणायचं ते तिला जाऊनच म्हणू या,” काकू म्हणाल्या. त्यांनी निवडलेली मेथी परातीत सारली, परात शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि त्या जिन्याकडे वळल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराची घंटा वाजल्याचे खाली सगळ्यांना ऐकू आले.